आमसुलातले आम्ल आणि गाठीतली चरबी

शरीरात चरबी येते कुठून, या प्रश्नाचे उत्तर आपल्या घराघरांत ठरलेले आहे. तुपातून, तेलातून, फार तर पुरणपोळीवर सोडलेल्या धारेतून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले नामांकित रसायनशास्त्रज्ञही याहून फार निराळे बोलत नव्हते. पॅरिसच्या द्युमा आणि बूसँगो यांचे म्हणणे, की चरबी तयार करतात त्या वनस्पती. प्राणी ती फक्त खातात आणि साठवतात. जर्मनीतल्या लीबिगला हे मान्य नव्हते. पिठूळ पदार्थ आणि साखर यांपासून प्राण्याचे शरीर स्वतःच चरबी बनवते, असे तो हट्टाने सांगत होता. वाद बरीच वर्षे चालला. अखेर इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट या जोडीने १८५० च्या दशकात डुकरे पाळली, त्यांना मोजून खाऊ घातले आणि कापल्यावर त्यांच्या अंगातली चरबी मोजली. खाण्यात जितकी चरबी होती त्यापेक्षा अंगातली कितीतरी जास्त भरली. म्हणजे उरलेली चरबी धान्यातल्या पिठापासून झाली होती.

हा जुना वाद उकरून काढण्याचे कारण असे, की कर्करोग रोखण्यासाठी ज्या विकरांना वेसण घालण्याची भाषा आज होते, ती विकरे म्हणजे त्या डुकरांच्या अंगात धान्याची चरबी करणारे कारागीरच. विकर म्हणजे एन्झाइम. मी बेळगावात बत्तीस वर्षे महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवले. मेदाम्लांचा धडा आला की मागच्या बाकांवर कानडी-मराठी मिश्र कुजबुज सुरू व्हायची, कारण हा धडा म्हणजे नुसत्या नावांचे जंगल, असा विद्यार्थ्यांचा समज. नावे अवघड आहेत खरी. त्यांमागची हकीकत मात्र मला नेहमीच एखाद्या मोठ्या कुटुंबाच्या इतिहासासारखी वाटत आली आहे. तिच्यात आपल्या सह्याद्रीतल्या एका आंबट फळाचाही भाग आहे.

कर्कपेशी इतर पेशींसारखी वागत नाही, हे १९२० च्या दशकात बर्लिनच्या ओटो वारबुर्ग यांनी दाखवले. भरपूर प्राणवायू असूनही ती साखर पुरती जाळत नाही. अर्धवट आंबवून टाकते. वारबुर्ग यांचे नाव झाले, १९३१ साली त्यांना नोबेलही मिळाले (ते श्वसनाच्या विकरावरील कामासाठी). पुढची दोन-तीन दशके कर्कपेशी म्हटले की सारे साखरेकडेच पाहत राहिले. चरबीकडे पाहिले ते फिलाडेल्फियात. ग्रेस मेडिस नावाच्या बाई तिथे काम करत. त्यांचा जन्म १८८६ चा, म्हणजे तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. त्यांनी आणि सिडनी वाइनहाउस यांनी, थॉमस या तिसऱ्या सहकाऱ्यासह, अर्बुदांचे पातळ काप काढून ते किरणोत्सर्गी खुणेच्या ग्लुकोजमध्ये व अ‍ॅसिटेटमध्ये ठेवले. काही वेळाने ती खूण कापांतल्या मेदाम्लांत सापडली. अर्बुद स्वतःची चरबी स्वतः करू शकते, असा तो निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाला आणि बराच काळ कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही.

यातले आश्चर्य कशात आहे ते सांगितले पाहिजे. मोठ्या माणसाच्या शरीरात बहुतेक पेशी चरबी करायच्या भानगडीत पडत नाहीत. रक्तातून आयती मिळते ती घेतात. करतात ते मुख्यतः यकृत, चरबीचे ऊतक आणि अंगावर पाजणाऱ्या आईचे स्तन. कर्कपेशीला मात्र सारखे दुभंगायचे असते. प्रत्येक नव्या पेशीला नवे आवरण लागते आणि ते आवरण मेदाम्लांचे असते. बाजारातून आणून भागत नाही म्हणून ती घरीच घाणा घालते, असे समजा.

हा घाणा चालतो कसा, ते कळायला १९५८ साल उजाडले. सलीह वकील हे इराकमधल्या करबला येथे १९२७ साली जन्मलेले संशोधक त्या वेळी अमेरिकेत विस्कॉन्सिनला कबुतराच्या यकृताचा अर्क घेऊन बसले होते. त्यांच्यापुढे एक कोडे होते. अर्कात बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खायच्या सोड्यातला जो भाग तो, घातला नाही तर चरबी होतच नाही. घातला तर भराभर होते. पण त्या बायकार्बोनेटातल्या कार्बनवर खूण करून पाहिले, तर तयार चरबीत ती खूण कुठेच दिसत नाही! जो पदार्थ मालात उतरत नाही, त्याच्यावाचून माल अडतो कसा? उत्तर असे निघाले, की दोन कार्बनांच्या अ‍ॅसिटिल तुकड्याला तो तिसरा कार्बन चिकटवतो, त्या जोरावर तुकडा साखळीत बसतो, आणि बसताक्षणी तो तिसरा कार्बन सुटून जातो. प्रवाशाला पैलतीरी उतरवणारा नावाडी गावात शिरत नाही, तसे. हे चिकटवण्याचे काम अ‍ॅसिटिल-को-ए कार्बोक्सिलेज हे विकर करते. फळ्यावर ही हकीकत सांगितली की मागचे बाकही गप्प होत.

त्यापुढचे काम फॅटी अ‍ॅसिड सिंथेजचे. वडगाव-शहापुरात ज्यांनी हातमाग पाहिले आहेत, त्यांना हे विकर समजायला वेळ लागणार नाही. एकाच चौकटीत सगळी आयुधे बसवलेली आणि अर्धवट विणलेली साखळी एका लवचिक दांडीला अडकून धोट्यासारखी या टोकाकडून त्या टोकाकडे फिरणारी. प्रत्येक फेरीत दोन कार्बनांची भर पडते. सात फेऱ्या झाल्या की सोळा कार्बनांचे पामिटिक आम्ल सुटते. सुमारे अडीच हजार अमिनो आम्लांचा हा अवजड माग एकटा चालत नाही, दोन-दोन जोडीने असतात. त्याची नेमकी घडण २००८ साली झुरिकमध्ये नेनाद बान यांच्या गटाने क्ष-किरणांनी उलगडली. त्यासाठी वापरलेले विकर डुकराचे होते. लॉज आणि गिल्बर्ट यांना ते कळते तर मौज वाटली असती.

या दोघांच्याही आधी, कच्चा माल पुरवणारा एक तिसरा कारागीर आहे. अ‍ॅसिटिल तुकडे पेशीच्या तंतुकणिकांत तयार होतात आणि माग असतो बाहेर. तुकड्यांना थेट बाहेर पडता येत नाही. ते सायट्रेटचे, म्हणजे लिंबातल्या आम्लाचे, रूप घेऊन बाहेर येतात आणि तिथे एटीपी-सायट्रेट लायेज हे विकर सायट्रेट तोडून त्यांना मोकळे करते. आपल्या फळाची गाठ पडते ती या तिसऱ्याशी.

म्हैसूरच्या चेलुवांबा महालात १९५० साली केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था सुरू झाली. तिथे लुईस आणि नीलकंठन या दोघांनी गार्सिनिया कंबोजियाच्या फळांतले आम्ल तपासायला घेतले. केरळात याला कुडमपुळी म्हणतात आणि माशाच्या कालवणात घालतात. आपल्या शेजारी शिरसी-सिद्धापूरकडे कानडीत उप्पागे. कोकमाचे हे सख्खे भावंड. यातला आंबटपणा टार्टारिक आणि सायट्रिक आम्लांचा, असे तोवर पुस्तकांत छापले जात होते. १९६५ साली या दोघांनी दाखवून दिले, की मुख्य आम्ल आहे हायड्रॉक्सिसायट्रिक. सायट्रिकसारखेच, पण एक हायड्रॉक्सिल गट अधिक. कोकमाच्या सालीतही, म्हणजे आपल्या आमसुलातही, हे आम्ल भरपूर असते. चार वर्षांनी, १९६९ साली, अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात लोवेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की हेच आम्ल सायट्रेट लायेजच्या कुलपात जाऊन बसते आणि फिरत नाही. कुलूप अडते. मेदाम्लांचा कच्चा माल अडवणारी पहिली प्रभावी वस्तू हाताला लागली ती अशी, सह्याद्रीच्या रानातल्या फळातून. गमतीची गोष्ट म्हणजे त्याच कोकमाची बी चरबीने गच्च भरलेली असते. भेगाळलेल्या टाचांना आपण जे मुठेल लावतो ते त्या बियांचेच. सालीत चरबी अडवणारे आम्ल आणि पोटात चरबी!

इथवर कर्करोगाचा विषय निघालेला नव्हता. तो आणला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या फ्रान्सिस कुहाज्दा या विकृतिशास्त्रज्ञांनी. स्तनाच्या कर्करोगाच्या काही गाठींत त्यांना एक प्रथिन दिसे. ज्या गाठींत ते असे, त्या रोग्यांत रोग उलटण्याचे प्रमाण जास्त. १९८९ साली ही निरीक्षणे प्रसिद्ध झाली तेव्हा ते रक्तातल्या एका वेगळ्याच प्रथिनाचे भाऊबंद असावे, अशी समजूत होती. त्याला ओए-५१९ असे कामचलाऊ नाव मिळाले. पुढे ते शुद्ध करून त्याचे तुकडे वाचले, तेव्हा तो निघाला फॅटी अ‍ॅसिड सिंथेज. वकिलांचा आणि झुरिकचा तोच माग. १९९४ साली त्यांनी हे जाहीर केले आणि सोबत आणखी एक गोष्ट दाखवली. सेरुलेनिन हे बुरशीपासून मिळणारे द्रव्य या मागाला थांबवते, हे जपानच्या सातोशी ओमुरा यांच्या कामामुळे आधीच माहीत होते. (हेच ओमुरा पुढे २०१५ साली निराळ्या औषधासाठी नोबेलचे मानकरी झाले.) ते सेरुलेनिन दिल्यावर ज्या कर्कपेशींत माग जोरात चालत होता, त्या मेल्या.

मेडिसबाईंच्या निष्कर्षाला एकेचाळीस वर्षांनी वारस मिळाला. सेरुलेनिन फार नाजूक द्रव्य, म्हणून सी-७५ नावाचे नवे द्रव्य तयार झाले. ते उंदरांना दिले तर भलतेच घडले. उंदरांनी खाणेच सोडले, वजन झपाट्याने उतरले. २००० साली हा प्रकार ‘सायन्स’मध्ये छापून आला. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रयोग २००५ चा. ज्या उंदरिणींना जनुकांतल्या बदलामुळे स्तनात गाठी हमखास व्हायच्या, अशांना गाठ दिसण्यापूर्वीच सी-७५ दिले गेले. गाठी उशिरा आल्या, कमी आल्या. रोग बरा करणे ही एक गोष्ट. रोग होण्याआधीच त्याचा शिधा तोडणे ही दुसरी. इथे ही दुसरी गोष्ट, निदान उंदरात, साधली होती.

याच सुमारास आपल्याकडच्या रानात काय चालले होते, तेही सांगायला हवे. १९९० च्या दशकात परदेशांत वजन उतरवण्यासाठी गार्सिनियाच्या गोळ्यांचे खूळ शिरले. उत्तर कन्नडच्या जंगलांत उप्पागेच्या सालीला एकदम भाव चढला. फळ पिकते ते ऐन पावसाळ्यात, उन्हाचा पत्ता नसतो. साल वाळवायची तर चुलीवर, म्हणजे लाकूड आलेच. दुसऱ्याने नेण्याआधी आपण न्यावे म्हणून कच्ची फळे झोडली गेली, फांद्या मोडल्या. आणि गोळ्यांचे काय? १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १३५ माणसांवरचा बारा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन नुसती लटकी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले नाही. परीक्षानळीत कुलूप अडवणारे आम्ल अख्ख्या माणसाच्या पेशीत पुरेसे शिरायला हवे ना! शिवाय अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी नंतर वैद्यकीय नियतकालिकांत येत गेल्या.

हे सगळे मला पुन्हा उघडून बसावे लागले ते माझ्या चुलत पुतणीमुळे. ती खानापूरला असते, शिक्षिका आहे. आमच्या वहिनी, म्हणजे तिची आई, स्तनाच्या कर्करोगाने गेल्या, तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. पुतणीने आता चाळिशी ओलांडली आहे. एका रविवारी ती गार्सिनियाची बाटली घेऊन आली.

“काका, शाळेतल्या बाई म्हणत होत्या, ह्यानं शरीरात चरबी होत नाही, आणि चरबी नसली की गाठ वाढत नाही. तुम्ही शिकवत होतात ना हे? घेऊ का मी?”

प्रश्न बावळट नव्हता. तिच्या वाक्यातला प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत खरा ठरलेला आहे. २००५ सालीच क्रेग थॉम्पसन यांच्या गटाने दाखवले होते, की सायट्रेट लायेज बंद पाडले तर काही अर्बुदांची वाढ खुंटते. पण तुकडे खरे असले म्हणून त्यांची बेरीज खरी होतेच असे नाही, आणि या इतिहासाचा सगळ्यात बोलका भाग तिथेच आहे.

पहिला धक्का खुद्द वकिलांनी दिला. २००३ साली त्यांच्या गटाने फॅटी अ‍ॅसिड सिंथेजचे जनुक दोन्ही बाजूंनी काढून टाकलेले उंदीर जन्माला घालायचा प्रयत्न केला. एकही जन्मला नाही. गर्भ गर्भाशयात रुजण्यापूर्वीच संपत होते. एकच प्रत शिल्लक असलेल्यांतलेही बरेच दगावले. म्हणजे हा माग काही कर्करोगाने लावलेला नव्हे, जिवाच्या पहिल्या दिवसापासूनचा आहे.

दुसरा धक्का २०१७ चा. चरबी करणारी कार्बोक्सिलेजची दोन्ही रूपे ज्यांच्या यकृतातून काढून टाकली आहेत, अशा उंदरांना संशोधकांनी यकृताचा कर्करोग घडवणारे रसायन दिले. अपेक्षा अशी, की यांना गाठी कमी होतील. झाल्या दुप्पट! चरबी न करणाऱ्या पेशींचे अंतर्गत संरक्षण उलट बळकट झाले आणि मरायला हव्या होत्या त्या बिघडलेल्या पेशी तगल्या, असा त्याचा अर्थ लावला गेला. दोनच वर्षांनी, २०१९ साली, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटाने त्याच विकराला औषधाने अडवले, तर यकृताच्या कर्करोगाच्या उंदीर-घुशींत गाठी आटल्या आणि जनावरे जास्त जगली. एकच विकर, एकच अवयव आणि दोन उलट निकाल. जन्मापासून विकर नसणे आणि मोठेपणी औषधाने थोडे दाबणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, असे मला वाटते. पण ते अंतर नेमके कुठे आहे हे ठरायचे आहे. मॅकमास्टरच्याच गटाने २०२५ साली सायट्रेट लायेज अडवणारे नवे द्रव्य उंदरांना देऊन, यकृतातल्या गाठींविरुद्ध रोगप्रतिकारक पेशी अधिक जोमाने काम करतात, असे दाखवले आहे.

माणसांचे काय? फॅटी अ‍ॅसिड सिंथेज अडवणाऱ्या एका गोळीचे आता डेनिफानस्टॅट असे नाव आहे. कर्करोग बळावलेल्या १३६ रोग्यांवरच्या तिच्या पहिल्या चाचणीचा वृत्तान्त २०२१ साली आला. काहींचा रोग काही काळ थबकला. केस गळणे, तळहात-तळपायांची त्वचा सोलणे, डोळे कोरडे पडणे हे त्रास झाले. त्वचेला आणि डोळ्यांना जो तेलकटपणा लागतो तोही हाच माग पुरवतो, हे त्यावरून ध्यानात यावे. मरणाच्या दारात असलेला रोगी हे त्रास हसत सोसेल. पण आज ठणठणीत असलेल्या, कदाचित कधीच कर्करोग न होणाऱ्या बाईने पुढची वीस वर्षे ते का सोसावेत? औषध आणि प्रतिबंध यांच्या तराजूत वजने निराळी असतात.

म्हणून संशोधकांनी आता आडवाट धरली आहे, आणि मला ती शहाणपणाची वाटते. दारू न पिताही ज्यांच्या यकृतात चरबी साचून सूज येते, अशांपैकी काहींना पुढे यकृत घट्ट होऊन कर्करोग होतो. म्हणजे हे लोक निरोगी नाहीत, त्यांना आजच औषध हवे आहे. अशा १६८ रोग्यांना ५२ आठवडे डेनिफानस्टॅट किंवा लटकी गोळी देऊन केलेल्या चाचणीचे निकाल २०२४ साली छापून आले: औषध घेणाऱ्यांत यकृताची सूज अधिक जणांची उतरली. केस विरळ झाल्याच्या तक्रारी इथेही होत्या. त्यांच्यातल्या कोणाचा कर्करोग टळला का, हे ५२ आठवड्यांत कळण्यासारखे नव्हते. दुसरीकडे, लोवेनस्टाइन यांच्या सायट्रेट लायेजला अडवणारे बेंपेडोइक आम्ल २०२० साली अमेरिकेत मान्य झाले, ते कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी. त्यात एक युक्ती आहे. ही गोळी यकृतात गेल्यावरच जागी होते, स्नायूंत झोपूनच राहते. आमसुलातल्या आम्लाला जे जमले नाही ते असे, योग्य दारात शिरणे. कर्करोग टाळण्यासाठी मात्र या तिन्ही विकरांपैकी एकालाही अडवणारे औषध हे लिहीत असेपर्यंत कुठेही मंजूर झालेले नाही.

पुतणीला मी विचारले, “तुझी तपासणी शेवटची कधी झाली?” झालीच नव्हती. आईला इतक्या लवकर रोग झालेला असताना मुलीची तपासणी इतरांपेक्षा आधीपासून सुरू करावी, गरज पडल्यास जनुकांचीही करावी, हे कर्करोगतज्ज्ञ आवर्जून सांगतात. बाटली तिने माझ्याकडेच ठेवली. आमसुले आमटीत पूर्वीसारखीच घाल, त्यांनी काही बिघडत नाही, असे मी तिला सांगितले. पुढच्या आठवड्यात ती बेळगावला मॅमोग्राफीसाठी आली, तेव्हा बरोबर येणारे कोणी नव्हते म्हणून आमची ही तिच्याबरोबर गेली.